बदल केलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन थंड कसे ठेवावे: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनींनी मे महिन्याच्या उकाड्यात, दादर आणि काळबादेवीच्या कोंडीत, दिवसदिवस इंजिन चालू ठेवून आयुष्य काढले. त्यांतील शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि २० वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी ज्या रेडिएटरसह, ज्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्यासह आणि ज्या वॉटर पंपासह बाहेर पडत असे, तेवढ्यावरच बहुतेक टॅक्सींचा धंदा चालला. म्हणून आज तुमची पद्मिनी खोपोलीहून खंडाळ्याला चढताना पाणी उकळून थांबत असेल, तर कारण दोनच ठिकाणी शोधावे लागते: वयाने गाडीतून काहीतरी काढून घेतले आहे, किंवा तुम्ही गाडीत काहीतरी वाढवले आहे. या लेखाचा क्रमही तोच आहे. गेलेले आधी परत आणावे, मग वाढवलेल्याची सोय करावी. बहुतेक जण मात्र पहिल्याच दिवशी मोठा रेडिएटर आणि दोन पंखे विकत घेतात, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे दिसतात.

येथे गृहीत धरलेली गाडी १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची आहे, आणि तिच्यात एसी बसवणे, सिलिंडर रिबोअर करणे (आतून घासून रुंद करणे), हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग प्लेन करून (खालून घासून) कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवणे किंवा मोठा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) लावणे यांपैकी एक-दोन कामे झालेली आहेत. इंजिनच दुसऱ्या गाडीचे बसवलेले असेल, तरी पुढील बहुतेक पायऱ्या लागू पडतात. फक्त त्या बदलाची आरटीओकडून मंजुरी आणि आरसी बुकात नोंद आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

उष्णतेचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. ताशी ८० किलोमीटर वेगाने, लिटरला १२ किलोमीटर या हिशेबाने धावणारी पद्मिनी तासाला पावणेसात लिटर पेट्रोल पिते, म्हणजे जवळपास ६० किलोवॉट उष्णता तयार करते. त्यातील पाव ते एकतृतीयांश हिस्सा पाण्यात उतरतो. घरातला गिझर २ किलोवॉटचा असतो, तेव्हा सरळ रस्त्यावरही आठ-नऊ गिझर एका वेळी चालू ठेवावेत इतकी उष्णता त्या लहानशा रेडिएटरला सतत बाहेर टाकावी लागते. घाटात ॲक्सिलरेटर तळाला टेकवला की हा आकडा त्याहून बराच वर जातो.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, जास्त ताकदीचे इंजिन नेहमीच जास्त तापते हा समज खरा नाही. तीच गाडी त्याच वेगाने त्याच रस्त्यावर चालवली, तर उष्णता साधारण तेवढीच निर्माण होते, आणि वाढीव ताकद प्रत्यक्ष वापरली तेव्हाच वाढीव उष्णता येते. त्यामुळे ट्यून केलेली गाडी सिग्नलवर उभी असताना तापत असेल, तर दोष ताकदीचा नसून दुसऱ्याच कशाचा आहे. दुसरी गोष्ट हवेची. रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे पाण्याच्या आणि हवेच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंश सेल्सिअस आणि डिसेंबरमधली पहाटेची हवा १५ अंश असेल तर फरक ७५ अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४० अंशांवर गेली की तो ५० वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर एकतृतीयांशाने दुबळा होतो. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बसवून रेडिएटरकडे येणारी हवा आणखी १० अंशांनी तापवली, तर उरतो फक्त ४० चा फरक. हिवाळ्यात घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये ते यासाठी.

पहिली पायरी: गाडी केव्हा तापते ते टिपणे

पाना हातात घेण्यापूर्वी आठवडाभर एक वही गाडीत ठेवावी आणि तापमानाचा काटा वर गेला की चार गोष्टी लिहाव्यात: वेग किती होता, चढ होता की सपाट, एसी चालू होता की बंद, आणि इंजिन सुरू होऊन किती वेळ झाला होता. काटा वर जाण्याची वेळच बहुतेकदा दोषाची जागा सांगते. उभ्या गाडीत काटा चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो, तेव्हा हवा कमी पडत असते, म्हणजे पंखा, पट्टा किंवा पंख्याभोवतीचे कडे तपासायचे. याउलट शहरात सर्व ठीक असून महामार्गावर वेग धरल्यावर काटा हळूहळू चढत असेल, तर हवा भरपूर असते आणि पाणीच पुरेसे फिरत नसते किंवा रेडिएटर आतून चोंदलेला असतो. सुरू केल्यापासून चार-पाच मिनिटांत काटा झपाट्याने वर गेला, तर थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) अडकला असावा, पाण्यात हवा कोंडली असावी किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, यांमधले सील) गेले असावे.

जुन्या डॅशबोर्डचा काटा खरे बोलतो की नाही, हेही याच आठवड्यात पाहून घ्यावे. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त मिळतो. मात्र चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर तो चुकीचे, बहुधा कमी तापमान दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या वरच्या व खालच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवावा आणि तापमान त्या टेपवरच मोजावे. माझ्या ओळखीच्या एका पद्मिनीचा काटा नेहमी लाल पट्टीजवळ असे, आणि तिचे दोन रेडिएटर बदलून झाल्यावर कळले की डॅशबोर्डची अर्थिंगची वायर सैल होती आणि पाणी जेमतेम ८५ अंशांवर होते.

दुसरी पायरी: जुने ते पूर्ववत करणे

पुढे वाचण्याआधी एक सूचना. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असू शकते, आणि झाकण फिरवताच ते वाफ होऊन तोंडावर येते. वरचा होज पाइप हाताला सुसह्य लागेपर्यंत, म्हणजे निदान पाऊण तास थांबावे.

थंड इंजिनातले पाणी रेडिएटरच्या खालच्या नळातून काढावेच, शिवाय ब्लॉकच्या बाजूचा नळ किंवा प्लगही उघडावा. बहुतेक जण ही दुसरी गोष्ट करत नाहीत. तो उघडल्यावर पुष्कळदा पाण्याचा एक थेंबही येत नाही, कारण आत बिडाचा गंज आणि बोअरवेलच्या पाण्याचा क्षार मिळून विटकरी रंगाचा, ओल्या मातीसारखा लगदा बसलेला असतो. सायकलच्या आऱ्याचे टोक वाकवून त्या भोकातून हलकेच खरवडावे. आधी थेंब थेंब पाणी येते, मग एकदम गुळाच्या काकवीसारखी जाड धार लागते. सिलिंडरच्या भिंतीभोवती हा लगदा असताना बाहेर कितीही मोठा रेडिएटर लावला, तरी उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. थर्मोस्टॅट काढून वरून बागेच्या नळीने पाणी सोडावे आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत, मधूनमधून आरा फिरवत, हे काम चालू ठेवावे. मला एका गाडीत यासाठी पूर्ण दुपार लागली होती.

उरलेल्या क्षारासाठी सायट्रिक ॲसिड वापरता येते, ज्याला किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणतात. पाच लिटर पाण्याला १०० ग्रॅम हे प्रमाण पुरते. ते भरून इंजिन गरम करावे, वीसेक मिनिटे मंद चालवावे, थंड होऊ द्यावे आणि मग सगळे काढून दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवावे. रात्रभर ते आत ठेवू नये. काही गॅरेजांत बाथरूमच्या फरश्या साफ करायचे ॲसिड ओततात. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे ते ॲसिड हेडच खाऊन टाकते, आणि तो खर्च नव्या रेडिएटरच्या कितीतरी पट असतो.

रेडिएटर उतरवून उलटा धुवावा, म्हणजे खालच्या तोंडातून पाणी घालून वरच्या तोंडातून काढावे. पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूकडे हलक्या दाबाने पाणी मारले, की जाळीत अडकलेले किडे, माती आणि पिसे निघून जातात. हाय प्रेशरचा वॉशर जवळ धरला तर पत्र्याच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि हवेची वाट बंद होते. रेडिएटर परत लावून गाडी गरम केल्यावर इंजिन बंद करावे आणि कोअरवर, म्हणजे नळ्या आणि पाकळ्यांच्या जाळीवर, वरपासून खालपर्यंत तापमान मोजावे. उतार सावकाश आणि सर्वत्र सारखा असावा. मध्येच हाताएवढा थंड पट्टा आढळला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेच्या रेडिएटरचा फायदा हा की, रेडिएटरवाल्याकडे वरची टाकी झाळ सोडवून काढता येते आणि नळ्यांतून सळ्या फिरवून त्या मोकळ्या करता येतात. या कामाला रॉडिंग म्हणतात. नळ्या कुजलेल्या असतील तरच कोअर बदलावा.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे गाडी तापली की पहिला सल्ला मिळतो तो थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा, आणि तो सल्ला देणारा मिस्त्री सहसा अनुभवी असतो, त्यामुळे त्याला नाही म्हणणे अवघड जाते. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी लगेच थंड होते, हे खरे. पण तो दोष त्या एका भागाचा असतो, थर्मोस्टॅट या कल्पनेचा नसतो. तो नसताना इंजिन थंडीत आणि उतारावर ६०-६५ अंशांवरच रेंगाळते, ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठून गाळ होतो, पेट्रोल जास्त लागते आणि सिलिंडर लवकर झिजतात. म्हणून तो काढून फेकण्याऐवजी तपासावा. एका पातेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि गॅस मंद ठेवावा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा ठोकलेला असतो, त्याच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत ती पूर्ण उघडली पाहिजे. आपल्या हवेत ८२ चा घ्यावा. त्याहून थंड थर्मोस्टॅट लावल्याने रेडिएटरची क्षमता वाढत नाही, फक्त काटा चढायला थोड्या खालून सुरुवात करतो.

वॉटर पंप काढलाच असेल तर आतला पाणी ढकलणारा पंखा पाहावा. गंजाने त्याची पाती निम्मी झिजलेली असली, तरी बाहेरून पंप ठणठणीत दिसतो. पट्टा अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. होज पाइप सगळे नवे घ्यावेत आणि खालच्या पाइपाकडे विशेष लक्ष द्यावे. गरम इंजिनाची गती कोणाला तरी वाढवायला सांगून त्या पाइपाकडे पाहत राहिले, तर पंपाच्या ओढीने तो चपटा होताना दिसतो. महामार्गावर काटा चढण्याचे हे एक हमखास दुर्लक्षिलेले कारण आहे. आत तारेची स्प्रिंग असलेला पाइप लावला की प्रश्न मिटतो.

झाकणाला किरकोळ समजू नये. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाने आत ०.५ बार (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा) दाब धरला तर समुद्रसपाटीला उत्कलनबिंदू १११ अंशांवर जातो, ०.९ बारला ११८ च्या वर. म्हणजे थकलेल्या स्प्रिंगचे झाकण बदलले तरी दहा-पंधरा अंशांची सवलत मिळते. पण जुन्या झाळलेल्या रेडिएटरला त्याच्या मूळ दाबापेक्षा जास्त दाबाचे झाकण लावू नये. टाकीची झाळ सुटते, आणि ती नेमकी घाटातच सुटते. उतू जाणारे पाणी जमिनीवर सांडण्याऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचे असेल, तर वरच्या काठालाही रबरी सील असलेले झाकण हवे आणि नळीचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडलेले हवे. नाहीतर इंजिन थंड होताना पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते.

तिसरी पायरी: उष्णता मुळात जास्त तर तयार होत नाही ना

टाइमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडले असेल, तर मिश्रण उशिरा जळते, एक्झॉस्टच्या तोंडाशी ज्वाला असतानाच झडप उघडते आणि ती उष्णता हेडच्या पाण्यात उतरते. हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवलेल्या गाडीत ठोके (मिश्रण अवेळी पेटल्याचा खडखडाट) येऊ नयेत म्हणून मेकॅनिक टाइमिंग मागे घेतात, आणि मग गाडी तापते म्हणून मालक रेडिएटर बदलतो. डिस्ट्रिब्यूटरमधली (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातली) टाइमिंग पुढे सरकवणारी वजने गंजून अडकली आहेत का आणि व्हॅक्यूमचा पडदा फाटला आहे का, हे टाइमिंग लाइट लावून पाहावे.

दुसरे कारण कार्ब्युरेटरमध्ये आहे, आणि ते अलीकडे वाढले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याच हवेला इंधन जास्त लागते. नव्या गाड्यांचा सेन्सर ही तूट भरून काढतो, जुन्या कार्ब्युरेटरचा जेट मात्र ठरलेल्या भोकाचाच राहतो, त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. पातळ मिश्रण सावकाश जळते आणि हेड तापवते. प्लगचे टोक चुन्यासारखे पांढरे दिसले तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. सोलेक्स (कार्ब्युरेटरचा एक ब्रँड) पद्धतीच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. उदाहरणार्थ ११५ ऐवजी १२० चा मेन जेट घातला, तर भोकाचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. एका वेळी एकच पायरी वर जावे आणि प्लग पुन्हा पाहावेत. फिकट तपकिरी रंग आला की थांबावे.

हेड गॅस्केटची शंका असेल, तर थंड इंजिनाचा पट्टा काढावा, रेडिएटर काठोकाठ भरून झाकण उघडे ठेवावे, इंजिन जेमतेम मिनिटभर चालवावे आणि पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात का ते पाहावे. आल्यास पुढच्या पायऱ्या तेवढ्यावरच थांबवाव्यात, कारण जळालेला वायू पाण्यात शिरत असताना बाकी सर्व उपाय वाया जातात. हेड एकदा तापून वाकलेले असण्याची शक्यता धरून ते सरळ पट्टीखाली फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) मोजल्याशिवाय परत बसवू नये.

चौथी पायरी: हवेला वाट देणे

हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या बाजूंना आणि वर दोन-तीन बोटांची फट असेल, तर समोरून आलेली हवा जाळीतून न जाता त्या फटींतून निघून जाते. कारखान्याने दिलेल्या रबरी पट्ट्या आणि पत्रे पन्नास वर्षांत कुठेतरी गळून पडलेले असतात. दरवाज्याला लावतात तशी जाड फोमची पट्टी सगळ्या कडांना लावली की काम भागते, आणि माझ्या मते या संपूर्ण लेखात पैशाला सर्वांत जास्त मोबदला देणारा उपाय हाच आहे. जाळीसमोर बसवलेले जादा दिवे, मोठे भोंगे आणि क्लबच्या पितळी पाट्या तिथून हलवाव्यात.

बॉनेटची मागची बाजू वॉशर लावून इंचभर उचलण्याची एक पद्धत दिसते. उभ्या गाडीत त्यातून गरम हवा निघून जाते, हे डोळ्यांना दिसते म्हणून ती लोकप्रिय आहे. वेग घेतल्यावर मात्र विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, तिथून हवा आत घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला मागून अडवते. महामार्गावर फिरणाऱ्याने हे करू नये.

पाचवी पायरी: विजेचा पंखा

एसी बसवलेल्या पद्मिनीला विजेचा पंखा लागतोच, कारण उभ्या गाडीत इंजिनाची गती कमी असताना पट्ट्याचा पंखाही मंद फिरतो आणि कंडेन्सरला हवा मिळत नाही. मारुती ८०० चा पंखा सुटा आणि स्वस्त मिळतो, म्हणून बहुतेक जण तो लावतात आणि त्यात गैर काही नाही. पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसवलेला पंखा स्वतःच हवेची वाट अडवतो. कोअरच्या पाकळ्यांतून प्लास्टिकच्या दांड्या घालून पंखा लटकवू नये, नळीला घासून भोक पडते. पत्र्याचे श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे कडे, करून घ्यावे, जे संपूर्ण कोअर झाकेल आणि ज्याच्या मध्यभागी पंख्यापुरते गोल भोक असेल. पंख्याची पाती आणि कोअर यांत चार-पाच सेंटिमीटर अंतर सुटले, तर हवा कोपऱ्यांतूनही ओढली जाते. श्राउडशिवाय पंखा फक्त स्वतःच्या गोलाएवढाच भाग थंड करतो.

खरेदीपूर्वी विजेचा हिशेब करावा. पंखा ८ ते १० अँपिअर घेतो, दोन हेडलाइट साधारण ९, इग्निशन ३-४, वायपर आणखी ३, शिवाय एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच आणि ब्लोअर वेगळे. पावसाळी रात्री हे सारे एकदम चालू असते. तुमच्या गाडीत अजून डायनमो (जुन्या पद्धतीचे वीज तयार करणारे यंत्र) असेल, तर कोंडीत उभे असताना तो जवळपास काहीच देत नाही, आणि पंखा नेमका तेव्हाच हवा असतो. म्हणून आधी मंद गतीलाही वीज देणारा अल्टरनेटर बसवावा आणि मगच पंखा, किंवा पट्ट्याचा पंखा तसाच ठेवून विजेचा पंखा जोडीला घ्यावा.

वायरिंगला बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून सुरुवात करावी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पिनला न्यावी, आणि ८७ वरून पंख्याला. उरलेल्या दोन पिनांपैकी ८६ ला चावी फिरवल्यावर मिळणारा करंट द्यावा आणि ८५ ची वायर थर्मोस्विचमार्गे (ठरलेल्या तापमानाला लागणाऱ्या स्विचमार्गे) अर्थला जोडावी. एसी चालू होताच पंखाही सुरू व्हावा, यासाठी क्लचच्या वायरवरून चालणारा दुसरा रिले घालावा. थर्मोस्विच रेडिएटरच्या वरच्या टाकीत असेल तर ९२ ते ९५ अंशांना लागणारा घ्यावा. खालच्या टाकीत पाणी आधीच थंड होऊन येते, म्हणून तिथे ८५ च्या आसपासचा हवा. पंखा डॅशबोर्डवरच्या बटणावर ‘डायरेक्ट’ घेण्याची सूचना गॅरेजमध्ये हमखास होईल. बटण जोडीला असावे, एकटे नसावे, कारण गप्पांच्या नादात ते दाबायचे राहून जाते.

सर्व जोडून झाल्यावर वर्तमानपत्राचे एक पान जाळीसमोर धरावे. पंखा सुरू होताच ते जाळीला चिकटले पाहिजे. ही चाचणी मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका गॅरेजमध्ये माझ्या पंख्याच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या गेल्या होत्या. पंखा फिरत होता, आवाजही जोरात येत होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. सिग्नलवर काटा कसाबसा टिकून राही आणि पन्नास-साठच्या वेगाला चढू लागे, म्हणजे समोरून येणारी हवा आणि पंखा एकमेकांशी झुंजत होते. मी वहीतल्या नोंदींवरून आतल्या नळ्या चोंदल्याचा निष्कर्ष काढला आणि चांगला रेडिएटर विनाकारण रॉडिंगला दिला. शेवटी कसारा घाटाच्या पायथ्याशी, चहा घेताना, हातातला पेपर वाऱ्याने जाळीकडे गेला आणि चिकटण्याऐवजी माझ्याच अंगावर परत आला. दोन वायरी उलट करायला एक मिनिट लागले.

सहावी पायरी: मोठा रेडिएटर, लागलाच तर

इथपर्यंतचे सर्व करूनही लांब चढावर काटा वर जात असेल, तरच कोअर वाढवावा. मूळ टाक्या ठेवून नळ्यांच्या ओळी वाढवलेला तांब्याचा कोअर रेडिएटरवाला बनवून देतो, आणि बाहेरून गाडी मूळच दिसते, म्हणून मला हाच मार्ग पसंत आहे. मात्र जाडी वाढवताना पाकळ्या फार दाट घेऊ नयेत, हवा त्यांतून जाईनाशी होते. जागा असेल तर जाडीपेक्षा रुंदी केव्हाही बरी. दुसऱ्या गाडीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवायचा असेल, तर तो चारही बाजूंनी रबरी बुशांवर बसवावा. पत्र्याला घट्ट आवळलेला रेडिएटर कच्च्या रस्त्यावर तडकतो. ऑइल कूलरचा विचार शर्यतीत उतरणाऱ्यांनी करावा, बाकीच्यांनी वेळेवर ऑइल बदलावे.

भरणे आणि चाचणी

कूलंटच्या रंगावर जाऊ नये, कारण रंगाला ठरलेला अर्थ नाही. तांबे, पितळ, झाळ आणि ॲल्युमिनियम या सर्वांना चालतो असे डब्यावर लिहिलेले असेल तोच घ्यावा. कूलंटमधले ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, आणि महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नाही, तेव्हा ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण निम्म्या-निम्म्यापेक्षा चांगले. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घातले, तर आधीची साफसफाई वर्षभरात पाण्यात जाते. काढलेला कूलंट गटारात ओतू नये, उघडाही ठेवू नये. तो गोड आणि विषारी असतो, मांजरे-कुत्री तो चाटतात.

भरताना गाडीचे तोंड चढावर करावे, सावकाश ओतावे, वरचा होज पाइप हाताने दाबत राहावे आणि झाकण उघडे ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन मंद चालवावे. पातळी एकदम खाली गेली, म्हणजे कोंडलेली हवा निघाली. मग पुन्हा भरून झाकण लावावे. पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून सैल बाह्या आणि ओढणी दूर ठेवावी.

पहिली चाचणी अंगणातली: एसी बंद ठेवून (तो चालू असला की पंखा त्याच्याबरोबरच फिरतो) इंजिन चालू असलेली गाडी वीस मिनिटे उभी ठेवावी, आणि पंखा किमान तीन वेळा आपोआप लागून बंद होतो का ते पाहावे. तो एकदा लागून बंदच होत नसेल, तर हवा अजून कमी आहे. दुसरी चाचणी महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने. तिसरी घाटाची, दुपारी, भरल्या गाडीने. चढावर खालचा गिअर वेळेत टाकावा, म्हणजे पंप आणि पट्ट्याचा पंखा वेगाने फिरतात. काटा लाल पट्टीकडे सरकू लागला तर आधी एसी बंद करावा, तरीही चढत राहिला तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. पाणी अजून बाहेर उडत नसेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटे थोड्या वाढीव गतीवर चालू द्यावे. पाणी आधीच गेलेले असेल तर मात्र तत्काळ बंद करावे, आणि बाटलीतले थंड पाणी तापलेल्या हेडमध्ये ओतण्याचा मोह आवरावा, कारण ॲल्युमिनियमचे हेड त्यानेच वाकते.

काढलेला मूळ पंखा, मूळ रेडिएटर आणि त्यांचे बोल्ट तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे, आणि सत्तरच्या दशकातल्या पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. त्यामुळे श्राउड किंवा रिले बसवतानाही बॉडीला नवे भोक न पाडता जुन्याच बोल्टांवर पट्ट्या घेऊन काम भागवावे. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर बॉनेट न उघडता एवढेच पाहावे की, सपाटीला लागल्यापासून दोन-तीन मिनिटांत काटा पुन्हा आपल्या नेहमीच्या जागी येतो की नाही. आला, तर त्या तारखेसह हवेचे तापमान वहीत लिहून ठेवावे.